चिल्का : एका सरोवराची प्रकृती

पाणथळ जागांच्या रक्षणासाठी १९७१ साली इराणमधील रामसर या गावी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. या करारान्वये महत्त्वाच्या पाणथळ जागांची जी मुख्य यादी ठेवली जाते, तिच्या जोडीला आणखी एक छोटी यादी असते. माणसाच्या हस्तक्षेपामुळे ज्या जागांची नैसर्गिक घडण बिघडली आहे, बिघडत आहे किंवा बिघडण्याचा संभव आहे, अशा जागांची नावे या दुसऱ्या यादीत घालतात. तिला माँत्रो नोंदवही असे म्हणतात. तीत नाव जाणे म्हणजे रोग्याला रुग्णालयात दाखल करून घेण्यासारखेच होय. ओडिशाच्या किनाऱ्यावरील चिल्का सरोवराचे नाव १९८१ मध्ये मुख्य यादीत आले. राजस्थानातील केवलादेव आणि चिल्का ही त्या यादीतील भारताची पहिली दोन नावे. पुढे बाराच वर्षांनी, १९९३ मध्ये, चिल्का दुसऱ्या यादीतही जाऊन बसले, आणि नोव्हेंबर २००२ मध्ये त्याचे नाव तेथून कमी करण्यात आले. आशियातील एखाद्या पाणथळ जागेचे नाव अशा रीतीने कमी होण्याची ती पहिलीच वेळ होती. मधल्या नऊ वर्षांत काय घडले, रोग नेमका कोठे होता, तो कोणी ओळखला आणि रोगी बरा झाला हे कशावरून ठरवले, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

चिल्का हे खाजण सरोवर आहे. लाटांनी व किनाऱ्यालगतच्या प्रवाहांनी वाहून आणलेल्या वाळूचा बांध किनाऱ्यापुढे उभा राहिला म्हणजे त्याच्या आड जे उथळ पाणी सापडते, त्याला भूगोलात खाजण किंवा खारकच्छ म्हणतात. (ओडिया भाषेत या सरोवराचे नाव ‘चिलिका’ असे आहे, मराठी शालेय पुस्तकांतून रुळलेले रूप येथे कायम ठेवले आहे.) पुरी, खोर्धा आणि गंजाम या तीन जिल्ह्यांत ते पसरलेले आहे. पावसाळ्यात त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या जवळजवळ दुप्पट होते. उन्हाळ्यात ते नऊशेच्या आसपास येते. एवढा विस्तार असूनही खोली मात्र बहुतेक ठिकाणी दोन मीटरांच्या आतबाहेरच आहे. ईशान्येकडून महानदीचे फाटे त्यात गोडे पाणी आणून सोडतात. परंपरेने जिचे नाव अशोकाच्या कलिंगयुद्धाशी जोडले जाते ती दया नदी त्यांपैकीच एक. भार्गवी आणि नूना या तिच्या बहिणी. पश्चिमेकडील टेकड्यांवरून पन्नासहून अधिक लहानमोठे ओढे व नद्या येतात. पूर्वेला एका लांब, अरुंद खाडीवाटे समुद्राचे खारे पाणी आत येते. उत्तरेस जवळजवळ गोडे, दक्षिणेस मचूळ आणि मुखापाशी खारे, असे पाण्याचे तीन प्रकार येथे एकाच वेळी नांदतात, आणि ऋतू पालटला की त्यांच्या सीमाही सरकतात. तेव्हा या सरोवराची ‘नेहमीची’ प्रकृती कोणती, या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवावी लागेल.

सरोवराची सारी समृद्धी या मिश्रणावर उभी आहे. बोय, कोळंबी, खेकडे यांच्या अनेक जाती समुद्रात अंडी घालतात. त्यांची पिले भरतीबरोबर आत येतात, उथळ पाण्यातल्या गवतात वाढतात आणि मोठी झाली की पुन्हा समुद्राकडे वळतात. म्हणजे मुख हे केवळ पाण्याचे दार नव्हे, ते पिलांचेही दार आहे. काठावरच्या दीडशेच्या आसपास गावांतील दोन लाखांहून अधिक लोकांचा चरितार्थ या ये-जा करणाऱ्या मासळीवर चालतो. पाणी ओसरू लागले की उथळ भागाला बांबूच्या कुडांनी व जाळ्यांनी वेढा घालून मासळी धरण्याची जी ‘जानो’ नावाची पद्धत येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तीही पाण्याच्या याच चढउताराला जुळवून घेतलेली आहे. हिवाळ्यात उत्तरेकडील देशांतून आलेल्या पक्ष्यांची संख्या दहा लाखांवर जाते. बाहेरच्या खाडीत इरावडी डॉल्फिन वावरतात.

हे सर्व बिघडू लागले ते एकाएकी नव्हे. टेकड्यांवरील जंगल विरळ झाले, पावसाबरोबर माती खाली येऊ लागली. नद्यांतून येणारा गाळ उत्तर भागात साचला. दुसऱ्या बाजूला किनाऱ्यालगतच्या प्रवाहाने वाहत आलेली वाळू मुख बुजवू लागली. मुख सरकत सरकत दूर गेले, खाडी लांबली आणि तिचा तळ भरून आला. भरतीचे पाणी वाटेतच दमू लागले. खारेपणा घटला तशी गोड्या पाण्यातली वनस्पती फोफावली, आणि जलपर्णी व नळगवत यांनी उत्तर भाग इतका व्यापला की तेथून होडी हाकणेही कठीण झाले. वनस्पतींनी प्रवाह अडवला की गाळ आणखी बसतो आणि गाळ बसला की वनस्पती आणखी माजतात, असे ते दुष्टचक्र होते. १९८०च्या दशकाच्या मध्यास वर्षाकाठी साडेआठ हजार टनांच्या घरात असलेले मासळीचे उत्पन्न १९९५-९६ मध्ये बाराशे-तेराशे टनांवर आले. हा आकडा वाचताना तो दोन लाख माणसांच्या ताटाशी निगडित आहे, हे विसरून चालणार नाही.

मुख बुजत चालल्याचे काठावरचे मच्छीमार पुष्कळ आधीपासून सांगत होते. त्यांच्याजवळ मोजमापाची यंत्रे नव्हती, पण कोणत्या महिन्यात कोणत्या ठिकाणी कोणती पिले दिसली नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. शास्त्रज्ञांपाशी तुलनेसाठी जुनी नोंद होती, हे या सरोवराचे भाग्यच म्हटले पाहिजे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संस्थापक नेल्सन ॲनंडेल आणि त्यांचे सहकारी स्टॅन्ली केम्प यांनी येथील प्राणिजीवनाची विस्तृत पाहणी केली होती व १९१५ पासून तिचे वृत्तांत प्रसिद्ध होऊ लागले होते. रोग्याची निरोगीपणातली टिपणे हाताशी असणे, ही वैद्याला क्वचितच लाभणारी सोय आहे.

आता रोगाच्या मूळ ठिकाणाकडे वळू. वर सांगितलेल्या कारणांपैकी एकही सरोवराच्या काठांच्या आत जन्मलेले नाही. माती टेकड्यांवरची, गोडे पाणी महानदीचे, वाळू समुद्राची. केवळ सरोवराभोवती कुंपण घालून, एखाद्या बेटावर अभयारण्य जाहीर करून, यातले काहीच थांबणार नव्हते. नलबण बेटाला १९८७ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, त्याचा पक्ष्यांना उपयोग झाला हे खरे. पण गाळाला अधिसूचना वाचता येत नाही. अशा वेळी सरोवर, त्याचे पाणलोट क्षेत्र, नद्यांची मुखे आणि किनारा हे सर्व एकच अंग मानून उपाय योजावे लागतात. इंग्रजीत यासाठी ‘लँडस्केप’ हा शब्द वापरतात. मराठीत ‘भूदृश्य’ म्हटले की डोळ्यांपुढे भिंतीवरचे चित्र उभे राहते; म्हणून येथे ‘भूप्रदेश’ हा साधा शब्द पत्करला आहे. भूप्रदेशाची सीमा जिल्ह्याच्या नकाशावर सापडत नाही, ती पाण्याच्या वाटेवरून काढावी लागते, आणि ती काढली की एका खात्याचा कारभार पुरा पडत नाही. वने एका खात्याकडे, पाटबंधारे दुसऱ्याकडे, मासेमारी तिसऱ्याकडे, जमीनमहसूल चौथ्याकडे, अशी आपल्या प्रशासनाची मांडणी असते. प्रत्येक खाते आपापल्या परीने योग्य तेच करीत असताना सरोवर मरू शकते.

ओडिशा शासनाने १९९१ मध्ये चिलिका विकास प्राधिकरण स्थापन केले ते या अडचणीवर तोड म्हणून. मुख्यमंत्री त्याच्या शासक मंडळाचे अध्यक्ष असतात, आणि निरनिराळ्या खात्यांचे प्रमुख एका मेजाभोवती बसतात. नाव प्राधिकरण असले तरी त्याची नोंदणी संस्था नोंदणी कायद्याखाली झालेली आहे. दुसऱ्या खात्याला हुकूम सोडण्याचा अधिकार त्याच्यापाशी नव्हता. ही उणीवच काही अंशी त्याच्या पथ्यावर पडली असे वाटते. हुकूम करता येत नसल्यामुळे समजूत घालावी लागली, माहिती गोळा करून ती इतरांपुढे मांडावी लागली, आणि गावोगावच्या समित्यांना बरोबर घेऊन लहान लहान ओढ्यांच्या पाणलोटात बांधबंदिस्ती व वृक्षलागवड करावी लागली. अर्थात हीच उणीव पुढे कोठे नडली, तेही यथावकाश दिसेल.

मुख्य शस्त्रक्रिया मुखाची होती. वाळूचा बांध कोठे फोडला असता भरती पुरेशी आत येईल आणि नवे मुख टिकून राहील, याचा गणिती प्रतिकृतीवरून केलेला अभ्यास पुण्याजवळील खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात झाला. त्यानुसार सिपाकुडा गावाजवळ २३ सप्टेंबर २००० रोजी बांध कापून नवे मुख उघडण्यात आले. समुद्रापर्यंतची वाट १८ किलोमीटरांनी कमी झाली. परिणाम दिसण्यास फार काळ लागला नाही. खारेपणा वाढला, गोड्या पाण्यातली वनस्पती मागे हटली, दक्षिणेकडे समुद्रगवताची कुरणे पसरली. १९९९-२००० मध्ये पावणेदोन हजार टनांच्या आसपास असलेले मासळीचे उत्पन्न २००१-०२ मध्ये बारा हजार टनांच्या जवळ जाऊन पोहोचले. रामसर करारातर्फे दिला जाणारा पाणथळ संवर्धनाचा पुरस्कार २००२ मध्ये प्राधिकरणाला मिळाला, तो याच कामगिरीसाठी. मणिपूरमधील लोकताक सरोवराचे नावही १९९३ मध्येच नोंदवहीत गेले होते. ते तेथेच राहिले. लोकताकचा प्रश्न १९८३ मध्ये बांधलेल्या इथाई बंधाऱ्याशी निगडित आहे, आणि वीज देणारा बंधारा काढणे हे वाळूचा बांध कापण्याइतके सोपे नसते. चिल्काचे यश सांगताना हा फरक नजरेआड करू नये.

मासळी वाढली, पुरस्कार मिळाला. परंतु सरोवर निरोगी झाले असे म्हणता येईल काय? ‘जमिनीचे आरोग्य’ हा शब्दप्रयोग अमेरिकन वनशास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड यांनी १९४०च्या दशकात वापरला होता. पुढे रॉबर्ट कोस्टान्झा यांनी १९९२ मध्ये परिसंस्थेच्या आरोग्याची तीन लक्षणे सांगितली : तिचा जोम, म्हणजे किती जीवद्रव्य निर्माण होते, तिची रचना, म्हणजे किती प्रकारचे जीव कोणत्या संबंधांनी बांधलेले आहेत, आणि तिची सावरण्याची शक्ती, म्हणजे धक्का बसल्यावर ती पूर्वपदावर येते की नाही. काही शास्त्रज्ञांना ही उपमाच मान्य नाही. माणसाच्या शरीराचे तापमान किती असावे हे ठरलेले आहे. सरोवराचे खारेपण किती असावे हे कोणी ठरवावयाचे? जलपर्णीने भरलेले सरोवरही एका अर्थी जिवंतच असते, त्यात जोमही भरपूर असतो. ते ‘आजारी’ आहे असे आपण म्हणतो, कारण आपल्याला त्यातून कोळंबी हवी असते, डॉल्फिन हवे असतात. हा आक्षेप खरा आहे, आणि तो मान्य केल्याने काही बिघडत नाही. उलट निकष ठरवताना कोणाला विचारावे, हा प्रश्न त्यामुळे उघडपणे पुढे येतो.

व्यवहारात यावर जी युक्ती निघाली ती शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखी आहे. ऑस्ट्रेलियातील मोरेटन उपसागर आणि अमेरिकेतील चेसापीक उपसागर येथे ती प्रथम रुजली. चेसापीकचे पाणलोट क्षेत्र सहा राज्यांत पसरलेले आहे. मेरीलँड, व्हर्जिनिया व पेनसिल्व्हेनिया ही राज्ये, राजधानीचा प्रदेश आणि मध्यवर्ती शासन यांनी १९८३ मध्ये त्याच्या शुद्धीसाठी एकत्र करार केला, आणि पुढे मेरीलँड विद्यापीठाचे शास्त्रज्ञ दरवर्षी त्या उपसागराला श्रेणी देऊ लागले. त्यांच्याच साहाय्याने चिल्काची २०१२ सालची आरोग्यपत्रिका तयार झाली. सरोवराचे उत्तर, मध्य, दक्षिण व बाहेरील खाडी असे चार विभाग केले गेले, आणि पाण्याचा दर्जा, मासेमारी व जैवविविधता या तीन विषयांत प्रत्येकाची परीक्षा घेण्यात आली. सर्व मिळून सरोवराला ‘ब’ श्रेणी मिळाली.

या परीक्षेची रीत थोडी समजून घेण्यासारखी आहे. पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी एक तबकडी दोरीने पाण्यात सोडतात आणि ती दिसेनाशी होते त्या खोलीची नोंद करतात. इटलीतील एका धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने, आंजेलो सेकी याने, १८६५ मध्ये काढलेली ही युक्ती आजही तितकीच उपयोगी आहे. त्याशिवाय विरघळलेला प्राणवायू, पाण्यातील हरितद्रव्य, तळच्या चिखलातले जीव, पक्षी, डॉल्फिन, मासळीचे वजन व तिच्या जाती यांच्या नोंदी घेतात. प्रत्येक निर्देशकासाठी एक मर्यादा आधी ठरवलेली असते. हरितद्रव्य अमुक इतक्याहून अधिक असले तर पाणी अतिपोषित समजावयाचे, प्राणवायू तमुक इतक्याहून कमी असला तर मासळी गुदमरते असे धरावयाचे. किती मोजण्यांत ही मर्यादा सांभाळली गेली, यावरून गुण देतात, गुणांची सरासरी काढतात आणि तिला अक्षर लावतात. सारी मेख मर्यादेत आहे. ती समुद्राच्या पाण्यावरून बेतली तर चिल्काचा उत्तर भाग पावसाळ्यात दरवर्षी नापास होईल, कारण पुराचे गढूळ पाणी ही त्या भागाची प्रकृतीच आहे, विकृती नव्हे.

सरासरीचाही एक दोष आहे. इतिहासात ऐंशी गुण मिळवणाऱ्या मुलाचे गणित कच्चे आहे हे सरासरीत दिसत नाही, तसेच येथे होते. तरीही या पत्रिकेचे मोल मोठे आहे. दहा खात्यांच्या दहा अहवालांतून जे कळत नाही ते एका पानावर आले, आणि ते गावच्या सरपंचालाही वाचता येऊ लागले. खाती एकमेकांना दोष देत बसण्याऐवजी एका अक्षराविषयी बोलू लागली, हे काही कमी नव्हे.

तथापि एक बाब या पत्रिकेच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. मासळी वाढली हे तीत येते. ती कोणाच्या जाळ्यात गेली हे येत नाही. निर्यातीच्या कोळंबीला १९८०च्या दशकात भाव आला तेव्हापासून सरोवराच्या उथळ भागांना बांध किंवा जाळी घालून कोळंबी वाढवण्याची ‘घेरी’ पद्धत फैलावली. १९९१च्या धोरणाने शासनाने सरोवराचा काही भाग अशा संवर्धनासाठी भाडेपट्ट्याने देण्याची वाट मोकळी केली, आणि परंपरागत मच्छीमार जातींबाहेरचे, पैसा असलेले लोक पाण्यात उतरले. या विरोधात ‘चिलिका बचाओ’ आंदोलन उभे राहिले. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या निकालात चिल्का व पुलिकत सरोवरांपासून १,००० मीटरांच्या आत कोळंबीची तळी खोदण्यास मनाई केली. घेरी मात्र हटल्या नाहीत. १९९९च्या मे महिन्यात मच्छीमारांनी काही घेरी स्वतःच मोडून काढल्या. त्यापाठोपाठ २९ तारखेच्या रात्री सोरणा गावी पोलिसांचा गोळीबार झाला व चार जणांचा मृत्यू झाला. नवे मुख उघडण्यास त्या वेळी सोळा महिने उरले होते. घेरी काढण्याच्या मोहिमा त्यानंतरही न्यायालयांच्या आदेशांनी वेळोवेळी झाल्या, आणि काढलेल्या जागी त्या पुन्हा उभ्या राहिल्या. ज्या प्राधिकरणाला समजूत घालता येत होती पण हुकूम करता येत नव्हता, त्याचे बळ येथे अपुरे पडले. मुखातून आत आलेली पिले घेरीच्या जाळ्यांनी अडवली, तर शस्त्रक्रियेचा लाभ सर्वांपर्यंत पोहोचत नाही. मासळीच्या एकूण वजनाशेजारी परंपरागत मच्छीमाराच्या वाट्याचा एक रकाना आरोग्यपत्रिकेत असावयास हवा होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

याच्या अगदी उलट उदाहरण उत्तर काठावरच्या मंगलाजोडीचे. या गावातील अनेक कुटुंबे पाणपक्षी मारून विकण्यावर जगत होती. २०००च्या सुमारास त्यांतल्याच काहींनी पक्षीरक्षणाची समिती केली. पक्ष्यांच्या सवयी शिकाऱ्याइतक्या कोणाला ठाऊक असणार? पुढे तेच लोक होड्यांतून पाहुण्यांना पक्षी दाखवू लागले. तेथे बदल घडला तो पोट भरण्याचे दुसरे साधन हाती आल्यावर.

सावरण्याच्या शक्तीची कसोटी चक्रीवादळांनी घेतली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी फायलिन वादळ गोपाळपूरजवळ किनाऱ्यावर आदळले आणि त्यामागून पुराचे गोडे पाणी सरोवरात लोटले. ३ मे २०१९ रोजी फनी वादळ पुरीजवळ आले, तेव्हा वाळूचा बांध चार ठिकाणी फुटून नवी मुखे तयार झाली. एकदा गोड्या पाण्याचा लोंढा, एकदा खाऱ्या पाण्याचा. अशा धक्क्यांत सरोवर किती दिवसांत पूर्वीच्या खारेपणावर येते, हे पाहूनच त्याच्या प्रकृतीचा अंदाज बांधता येतो.

धक्का पचवण्यासाठी गोड्या पाण्याचा नियमित पुरवठा लागतो आणि तो महानदीच्या हाती आहे. तिचे खोरे सुमारे १,४१,६०० चौरस किलोमीटरांचे असून त्यात मुख्यत्वे छत्तीसगड व ओडिशा ही राज्ये येतात; महाराष्ट्राचाही एक लहानसा तुकडा त्यात आहे. १९५७ मध्ये पुऱ्या झालेल्या हिराकूड धरणाने पुराची रीत बदलली. कटकजवळ नराज येथे बंधारा नव्याने बांधला गेला, तेव्हा चिल्काकडे कोणत्या ऋतूत किती पाणी सोडावे याचा वेगळा अभ्यास करावा लागला. भरपूर पाणी सोडले तर काठची शेते बुडतात आणि गाळ येतो. थोडे सोडले तर सरोवर खारट होते. शिवाय मासळीला हवे असलेले पाणी आणि शेतकऱ्याला हवे असलेले पाणी यांचे महिनेही एक नसतात. छत्तीसगड आणि ओडिशा यांच्यातील पाणीवाटपाच्या तंट्यासाठी २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र शासनाने लवाद नेमला. अशा लवादापुढे पक्षकार असतात ती राज्ये, आणि त्यांच्या मागण्या मांडल्या जातात त्या सिंचन, वीज व उद्योग यांच्या भाषेत. पावसाळ्याच्या अखेरीस उत्तर भागात किती गोडे पाणी उतरले म्हणजे जानोच्या हंगामात मासळी पुरेशी राहील, याचे गणित त्या कागदपत्रांत यावे यासाठी ते आधी मोजलेले असावे लागते. प्राधिकरणाच्या होड्या सातपाड्याच्या बाजूने ठरलेल्या ठिकाणी जाऊन पाण्याचे नमुने घेतात, ते याही कामी येतात.